चिंतेवरची जोडगोळी

चिंताविकारावर एकाच वेळी दोन किंवा अधिक औषधे देणे सुरक्षित आहे काय, या प्रश्नाला औषधशास्त्राच्या ग्रंथात एक उत्तर मिळते आणि शिरूर किंवा दौंडच्या बाजारपेठेतील 'मेडिकल'च्या काउंटरवर दुसरे. दोन्ही उत्तरे आपापल्या जागी खरी असल्यामुळे त्यांतील वाद घाईने मिटवण्यापेक्षा तो नीट मांडून पाहणे अधिक उपयोगाचे ठरते. पुढील संवादातील एक भूमिका दौंड शहरात दीर्घकाळ सर्वसाधारण व्यवसाय करणाऱ्या डॉक्टरांची आहे, तर दुसरी शिरूरमध्ये औषधांचे दुकान चालवणाऱ्या, औषधनिर्माणशास्त्राची पदवी घेतलेल्या बाईंची. ही कोणा प्रत्यक्ष व्यक्तींची चित्रे नव्हेत. घोड आणि भीमा या दोन नद्यांच्या काठांवर नित्य ऐकू येणाऱ्या दोन विचारपद्धतींना येथे वाचा दिली आहे इतकेच.

डॉक्टरांचा युक्तिवाद औषधापासून सुरू न होता रुग्णाच्या दिनक्रमापासून सुरू होतो, आणि ते योग्यही आहे. शेतीच्या पंपाला थ्री फेज वीज पाळीने मिळते व ती अनेकदा रात्रीची असते, म्हणून उसाला पाणी द्यायला माणूस मध्यरात्री बांधावर उभा असतो. शिरूर तालुक्यातील पिंपरखेड परिसरात २०२५च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये बिबट्याच्या हल्ल्यांत माणसे दगावल्यानंतर त्या रात्रीच्या फेऱ्यांना जी भीती चिकटली, तिला निव्वळ मनाचा खेळ म्हणणे कठीण आहे. रांजणगावच्या औद्योगिक वसाहतीत फिरत्या पाळ्या, कुरकुंभच्या रासायनिक कारखान्यांत तशाच पाळ्या, दौंड जंक्शनवर रेल्वेचे कर्मचारी, शेजारी राज्य राखीव पोलीस दलाच्या तुकड्या: झोपेचे वेळापत्रक मोडलेल्या माणसांची या भागात मोठी दाटी आहे. त्यातील एखाद्याला छातीत धडधड, हातापायांना मुंग्या, दरदरून घाम आणि आत्ताच जीव जातो अशी खात्री, असा झटका येतो. वैद्यकात त्याला पॅनिक अटॅक, म्हणजे तीव्र भयाचा झटका म्हणतात, आणि हृदयाची तपासणी निर्दोष निघाल्यावरही तो पुन्हा पुन्हा येऊ शकतो.

"ताई," डॉक्टर म्हणतात, "अशा माणसाला 'ही गोळी तीन आठवड्यांनी लागू पडेल' एवढेच सांगून घरी पाठवता येत नाही. तो तीन आठवडे थांबणार नाही. तो तीन दिवसांनी दुसऱ्या डॉक्टरकडे जाईल, तिथून तिसऱ्याकडे, आणि पुण्याच्या मनोविकारतज्ज्ञापर्यंत मात्र कधीच पोहोचणार नाही, कारण तिकडे जायचे म्हणजे सत्तर-ऐंशी किलोमीटर, एक पाळी बुडवायची आणि घरात कारण सांगायचे."

येथे तीन आठवड्यांचा उल्लेख समजून घ्यायला हवा. चिंताविकारावरील औषधांचे दोन वर्ग येथे महत्त्वाचे आहेत. पहिल्या वर्गातील एस्सिटालोप्रॅम, सरट्रालिन, फ्लुऑक्सेटिन इत्यादी औषधांना एसएसआरआय म्हणतात; दोन चेतापेशींमधील फटीत सोडले गेलेले सेरोटोनिन हे रसायन पुन्हा पेशीत शोषले जाण्याची क्रिया ती रोखतात, परंतु त्यांचा उपकारक परिणाम दिसू लागायला दोन ते सहा आठवडे जातात आणि पहिल्या काही दिवसांत तर अस्वस्थता थोडी वाढतेही. दुसरा वर्ग बेंझोडायझेपिन या नावाने ओळखला जातो आणि क्लोनाझेपाम, अल्प्राझोलाम, डायझेपाम, लोराझेपाम ही त्यातील परिचित नावे आहेत. मेंदूतील गाबा नावाचे रसायन चेतापेशींच्या उत्तेजनाला लगाम घालते. बेंझोडायझेपिन औषधे गाबाच्या ग्राहकांवर (रिसेप्टरवर) बसून तो लगाम अधिक घट्ट करतात आणि हे काम तासाभरात होते. या वर्गातील पहिले औषध, क्लोरडायझेपॉक्साइड, हॉफमन-ला रॉश कंपनीतील लिओ स्टर्नबाख यांच्या प्रयोगशाळेतून आले व १९६० साली बाजारात उतरले. डायझेपाम १९६३मध्ये आले. एक वर्ग सावकाश आणि दूरवर काम करणारा, दुसरा तत्काळ पण सवय लावणारा, हे ध्यानात घेतले की दोन्ही एकत्र देण्यामागचा विचार आपोआप स्पष्ट होतो: पहिले औषध रुजेपर्यंतचे आठवडे दुसऱ्याच्या आधाराने काढायचे. पॅनिक विकारात सरट्रालिनबरोबर सुरुवातीला क्लोनाझेपाम दिल्यास पहिल्या आठवड्यांत आराम लवकर पडतो, असे २००१ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात आढळले होते; मात्र पुढील आठवड्यांत केवळ सरट्रालिन घेणारे रुग्णही त्यांच्या बरोबरीला आले.

बाईंना या विचारावर आक्षेप नाही, ही गोष्ट डॉक्टरांना प्रथम पटत नाही. त्यांचा आक्षेप वेगळ्या ठिकाणी आहे. "डॉक्टरसाहेब, दोन औषधे एकत्र देण्याचे जे कारण आपण सांगता, ते चार आठवड्यांत संपते. चिठ्ठी मात्र संपत नाही. तिच्यावर प्लास्टिकचे आवरण घालून लोक ती तीन-तीन वर्षे खिशात बाळगतात आणि दर महिन्याला काउंटरवर ठेवतात." या तक्रारीचा आधार जुना आहे. ब्रिटनमधील औषधसुरक्षा समितीने १९८८ सालीच बेंझोडायझेपिनचा वापर दोन ते चार आठवड्यांपुरता मर्यादित ठेवावा असे सांगितले होते, कारण रोज घेतलेल्या या औषधाशी मेंदू जुळवून घेतो, त्याच मात्रेचा परिणाम हळूहळू घटतो आणि ते अचानक थांबवल्यास मूळ चिंतेपेक्षाही तीव्र चिंता, निद्रानाश, कंप आणि क्वचित अपस्मारासारखे झटके येऊ शकतात. रुग्णाला वाटते की आजार उलटला, म्हणून तो पुन्हा गोळी सुरू करतो. वास्तविक उलटलेले असते ते औषध.

वादाचा खरा गाभा एकाच गोळीत दोन औषधे कोंबलेल्या तयार मिश्रणाभोवती आहे. एस्सिटालोप्रॅम आणि क्लोनाझेपाम ठरावीक प्रमाणात एकत्र असलेली गोळी भारतात अनेक कंपन्या विकतात. प्रोप्रॅनोलॉल आणि क्लोनाझेपाम, एटिझोलाम आणि प्रोप्रॅनोलॉल, अमिट्रिप्टिलिन आणि क्लोरडायझेपॉक्साइड अशाही जोड्या मिळतात. अशा गोळ्यांना निश्चित मात्रेची संयुक्त औषधे म्हणतात. त्यांतील अवगुण बाई नेमका दाखवतात. एस्सिटालोप्रॅमची मात्रा काही आठवड्यांनी वाढवावी लागते, तर नेमक्या त्याच वेळी क्लोनाझेपामची कमी करत आणावी लागते. एक औषध वर जायला हवे आणि दुसरे खाली, मग ती दोन्ही एकाच गोळीत बांधलेली असताना हे साधायचे कसे? एका गोळीच्या दोन केल्या तर दोन्ही दुप्पट होतात, गोळी बंद केली तर दोन्ही एकदम बंद होतात. दोन औषधे एकत्र घेण्याची सुरक्षितता ही त्यांना वेगवेगळे हलवता येण्यावर अवलंबून असते, आणि तयार मिश्रण नेमकी तीच सोय काढून घेते.

यावर डॉक्टरांचे उत्तर तितकेच भेदक आहे आणि ते शहरातील तज्ज्ञांच्या लेखनात सहसा सापडत नाही. "दोन वेगळी पाकिटे लिहून दिली, ताई, तर माणूस दुसऱ्या महिन्यात एकच घेतो. कोणते? जे खाल्ल्यावर तासाभरात बरे वाटते ते. ज्याने खरा आजार बरा व्हायचा, ते पाकीट 'याने काही फरक नाही' म्हणून घरी पडून राहते. मिश्रणात निदान एस्सिटालोप्रॅम पोटात जाते." या बोलण्यातील व्यवहारज्ञान नाकारता येत नाही. तरीही त्यातून निघणारा निष्कर्ष डॉक्टरांना वाटतो तसा मिश्रणाच्या बाजूने जात नाही. तो रुग्णाला हळू काम करणाऱ्या औषधाचा स्वभाव समजावून सांगण्याच्या बाजूने जातो, आणि गर्दीच्या दवाखान्यात त्यासाठी लागणारी पाच मिनिटे मिळत नाहीत ही उणीव गोळीच्या रचनेने भरून निघत नाही.

संयुक्त औषधांबाबत कायद्याचा इतिहासही काही फार दिलासा देणारा नाही. केंद्र सरकारने मार्च २०१६मध्ये अशा ३४४ मिश्रणांवर बंदी घातली, दिल्ली उच्च न्यायालयाने ती त्याच वर्षी रद्द केली, सर्वोच्च न्यायालयाने विषय औषध तांत्रिक सल्लागार मंडळाकडे पाठवला आणि सप्टेंबर २०१८मध्ये ३२८ मिश्रणांवर पुन्हा बंदी आली. या घडामोडींतून सामान्य वाचकाने घ्यायचे ते एवढेच की एखादी जोडगोळी दुकानात मिळते यावरून ती जोडी शास्त्राने पारखलेली आहे असे सिद्ध होत नाही.

डॉक्टर येथे विषय बदलतात, आणि तो बदल टाळाटाळ म्हणून सोडून देण्यासारखा नाही. त्यांच्या मते एका डॉक्टरने जाणूनबुजून दिलेली दोन औषधे हा मोठा धोका नव्हेच. मोठा धोका आहे तीन डॉक्टरांनी एकमेकांना न कळता दिलेल्या तीन औषधांचा. बाई लगेच सहमत होतात, कारण याचे पुरावे त्यांच्याच काउंटरवर येतात. दौंडच्या डॉक्टरांनी चिंतेसाठी क्लोनाझेपाम दिलेले असते. अहिल्यानगरला नातेवाइकांकडे गेले असता तिथल्या डॉक्टरांनी झोपेसाठी अल्प्राझोलाम दिलेले असते. शिरूरमध्ये पोटात कळा येतात म्हणून तिसरीच गोळी मिळालेली असते, आणि तिच्यात आतड्याचा पीळ सैल करणाऱ्या क्लिडिनियमबरोबर क्लोरडायझेपॉक्साइड बसलेले असते. रुग्णाच्या दृष्टीने ही टेन्शनची, झोपेची आणि पोटाची अशी तीन वेगळी औषधे. मेंदूतील गाबाच्या ग्राहकांच्या दृष्टीने मात्र तिन्ही एकच. त्यांचे शरीरात राहण्याचे कालावधी भिन्न असल्याने गुंता आणखी वाढतो: अल्प्राझोलामचे रक्तातील प्रमाण निम्म्यावर यायला साधारण ११ तास लागतात, क्लोनाझेपामला ३० ते ४० तास, आणि क्लोरडायझेपॉक्साइड किंवा डायझेपामच्या विघटनातून तयार होणारी सक्रिय द्रव्ये याहूनही अधिक काळ रेंगाळतात. रात्री घेतलेल्या गोळ्यांचा अंमल सकाळी उतरला असे समजून पुणे-नगर रस्त्यावर टेम्पो काढणारा माणूस प्रत्यक्षात आदल्या दोन रात्रींच्या गोळ्याही बरोबर घेऊन निघालेला असतो. वृद्धांत याचा परिणाम रात्री लघवीला उठताना तोल जाऊन खुब्याचे हाड मोडण्यात होतो, आणि तिथे मग चिंतेचा विषय कोणी काढत नाही.

दारूबाबत दोघांत मतभेद नाही, परंतु जोर देण्याच्या जागा वेगळ्या आहेत. निव्वळ बेंझोडायझेपिन जास्त प्रमाणात घेतल्याने मृत्यू येणे तुलनेने विरळ असते. त्याच औषधात दारू किंवा अफूवर्गीय वेदनाशामक मिसळले की मेंदूतील श्वसनाचे केंद्र मंदावते आणि झोपलेला माणूस श्वास घेण्याचे थांबवू शकतो. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने ३१ ऑगस्ट २०१६ रोजी अफूवर्गीय औषधे आणि बेंझोडायझेपिन एकत्र घेण्याबाबत आपला सर्वांत कडक, चौकटीतील इशारा दिला. डॉक्टरांना यातील अफूवर्गीय हा भाग परदेशी वाटतो; बाईंना तो अगदी गावातला वाटतो, कारण कंबर आणि गुडघेदुखीवर पॅरासिटामॉलबरोबर मिळणारे ट्रॅमाडॉल हे त्याच वर्गातले औषध आहे. ट्रॅमाडॉलचा आणखी एक उपद्रव म्हणजे ते सेरोटोनिनही वाढवते, त्यामुळे एसएसआरआयबरोबर घेतल्यास कंप, घाम, ताप, बेचैनी आणि स्नायूंचे झटके अशी लक्षणे असलेला सेरोटोनिन सिंड्रोम उद्भवू शकतो. ही लक्षणे पॅनिकच्या झटक्यासारखीच दिसतात, आणि म्हणून चिंता वाढली असे समजून औषधाची मात्रा वाढवली जाण्याचा धोका राहतो.

जाता जाता एक गोष्ट नोंदवावीशी आहे. फेब्रुवारी २०२४मध्ये पुणे पोलिसांनी कुरकुंभच्या औद्योगिक वसाहतीत मेफेड्रॉन या अमली पदार्थाचा शेकडो किलोंचा साठा पकडला, तेव्हापासून या भागात 'ड्रग्ज' हा शब्द त्या छाप्याशी जोडला गेला आहे. घराच्या फळीवरील डब्यातल्या चार पाकिटांकडे त्या शब्दाने कोणी पाहत नाही, जरी अल्प्राझोलाम, क्लोनाझेपाम आणि डायझेपाम ही तिन्ही १९८५च्या अमली पदार्थविषयक कायद्याखाली मनःप्रभावी पदार्थ म्हणूनच नोंदलेली असली तरी.

यानंतर बाई अशा जोड्यांकडे वळतात ज्यांचा चिंतेशी वरकरणी काही संबंध नाही. गजकर्णाची साथ गेली काही वर्षे महाराष्ट्रात हटत नाही आणि तिच्यावर इट्राकोनॅझोल हे बुरशीनाशक आठवडेच्या आठवडे दिले जाते. यकृतातील ज्या विकराने, म्हणजे रासायनिक क्रिया घडवणाऱ्या प्रथिनाने, अल्प्राझोलामचे विघटन होते, त्या विकराला इट्राकोनॅझोल अडवते, त्यामुळे पूर्वीचीच अर्धी गोळी कितीतरी भारी पडू लागते. ही जोडी निषिद्ध म्हणूनच नोंदलेली आहे. क्षयरोगावरील रिफॅम्पिसिन याच्या नेमके उलट वागते. ते त्या विकराचे प्रमाण वाढवते, झोपेची गोळी लागू पडेनाशी होते, रुग्ण ती वाढवून घेतो, आणि क्षयाचे उपचार संपून रिफॅम्पिसिन थांबले की काही आठवड्यांत वाढवलेली मात्रा एकदम अंगावर येते. धडधडीवर दिले जाणारे प्रोप्रॅनोलॉल दम्याच्या रुग्णाला धोक्याचे असते. एस्सिटालोप्रॅम आणि हायड्रॉक्सिझिन या दोहोंत हृदयाच्या विद्युतलयीत बिघाड करण्याची शक्यता असल्याने हृदयरोग्यांत त्यांची जोडी टाळतात.

"आणि म्हणूनच," डॉक्टर थोडे चिडून म्हणतात, "निम्मे लोक या सगळ्याला कंटाळून झाडपाल्याकडे जातात आणि त्यात निदान धोका नसतो." बाईंचे उत्तर मुंबईच्या वैद्यकीय इतिहासातून येते. सर्पगंधा ही वनस्पती निद्रानाश आणि उन्मादावर भारतात पिढ्यानपिढ्या वापरली गेली. मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ रुस्तम जाल वकील यांनी १९४९ साली 'ब्रिटिश हार्ट जर्नल'मध्ये रक्तदाबावरील तिच्या उपयोगाचा निबंध प्रसिद्ध केला आणि १९५२मध्ये तिच्यातून रेसर्पिन वेगळे काढण्यात आले. हे द्रव्य चेतापेशींतील सेरोटोनिनसह अनेक रसायनांचे साठे रिकामे करते, म्हणजे एसएसआरआयच्या कामाच्या जवळजवळ विरुद्ध दिशेला जाते, आणि काही रुग्णांत खिन्नता आणते. ज्या वनस्पतीच्या अंगी जगाला औषध देण्याइतकी ताकद आहे, तिच्या अंगी दुसऱ्या औषधाशी भांडण्याची ताकद नाही असे मानणे हा तिचाच अवमान आहे.

डॉक्टर नंतर चेंडू दुकानदारांकडे टोलवतात, आणि तेथे त्यांची बाजू बळकट आहे. औषध नियमावलीत १ मार्च २०१४पासून लागू झालेल्या एच-१ परिशिष्टात अल्प्राझोलाम, डायझेपाम, क्लोरडायझेपॉक्साइड, नायट्राझेपाम, झोल्पिडेम आणि ट्रॅमाडॉल यांचा समावेश आहे. ही औषधे विकताना डॉक्टरांचे नाव व पत्ता, रुग्णाचे नाव, औषध आणि त्याची संख्या वेगळ्या नोंदवहीत लिहून ती वही तीन वर्षे जपण्याचे बंधन दुकानावर आहे. "चिठ्ठी आमची जुनी असेल, ताई, पण ती पाहून माल देणारा हात दुकानाचाच." बाई हे मान्य करतात व एक मर्यादा दाखवतात: नोंदवही त्या एका दुकानापुरती असते. चौफुला, न्हावरा, शिरूर असा रस्ता धरला तर वाटेत जितकी दुकाने, तितक्या वह्या, आणि एका वहीतील नोंद दुसरीला दिसत नाही. प्रत्येक दुकानाची वही नियमाप्रमाणे चोख असूनही एकाच माणसाच्या हातात तीन बेंझोडायझेपिन पडू शकतात, हे या व्यवस्थेतील खरे छिद्र आहे.

या टप्प्यावर दोघांच्या भूमिका विरोधी राहत नाहीत, पण एकही होत नाहीत. डॉक्टरांचे म्हणणे असे की जोडी सुरू करण्याचा अधिकार त्यांच्याकडे राहावा, कारण गरज त्यांच्या खोलीत उभी असते. बाईंचे म्हणणे असे की जोडी सुरू करतानाच चिठ्ठीवर क्लोनाझेपामपुढे ते संपण्याची तारीख लिहावी, मिश्रणाऐवजी दोन औषधे वेगळी लिहावीत आणि रुग्णाने घरातील सगळी पाकिटे, पोटाची, गजकर्णाची, गुडघ्याची धरून, एका पिशवीत घालून दाखवावीत. तारीख लिहिली तर रुग्ण दुसऱ्या डॉक्टरकडे जाईल, ही डॉक्टरांची भीती खोटी नाही. तिला उत्तर म्हणून बाई १४४१६ या टेलिमानस क्रमांकाकडे बोट दाखवतात, जो केंद्र सरकारने १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू केला आणि ज्यावर मराठीतून समुपदेशन मिळते व गरज पडल्यास मनोविकारतज्ज्ञाशी जोडून दिले जाते; पुण्याचा प्रवास आणि बुडालेली पाळी ही अडचण निदान सल्ल्यापुरती तरी त्याने हलकी होते.

राहतो तो रुग्ण, जो चार वर्षे जोडगोळी घेत आहे आणि ज्याला हा सारा वाद ऐकून ती आजच टाकून द्यावीशी वाटेल. त्याच्याबाबत दोघे एकाच सुरात सांगतात की तसे मुळीच करू नये. दीर्घकाळ घेतलेले बेंझोडायझेपिन डॉक्टरांच्या देखरेखीखाली, दर दोन आठवड्यांनी किंवा त्याहूनही सावकाश, मात्रेचा दहावा भाग ते फार तर चौथा भाग कमी करत उतरवायचे असते; उतरवताना त्रास वाढला तर मागे न जाता त्याच पायरीवर काही दिवस थांबायचे असते; आणि त्यासाठी आधी मिश्रण सोडवून एस्सिटालोप्रॅम वेगळे सुरू ठेवावे लागते, जेणेकरून एक औषध उतरताना दुसरे जागेवर राहील. डॉक्टरांनी विचारले की अशा उतरणीला किती महिने लागतील. बाईंनी सांगितले की ते रुग्णावर अवलंबून आहे, पण पाऊण गोळी, अर्धी गोळी, पाव गोळी असे हिशेब समजावून देण्याचे काम दुकानात बसून करता येईल, फक्त तशी चिठ्ठी दवाखान्यातून यायला हवी.